शत्रू कुणी रंगवायचा?

दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो. तुम्ही कधी नीट पाहिलंय का? महाराज सिंहासनावर असतात, बुरुजाबुरुजावर मावळे असतात, दरवाजाशी भालदार, पायथ्याला बैलजोडी घेऊन शेतकरी, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई आणि गुहेत वाघ. हा वाघ बहुतेक वेळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षा मोठा. तोफांची तोंडं रस्त्याकडे. आणि रस्त्यावरून येतं कोण? दूधवाला, पेपरवाला, फराळाचं ताट घेऊन निघालेल्या शेजारच्या काकू. सैन्य जय्यत तयार, आणि लढायला समोर कुणीच नाही!

आमची राहुरी मुळेच्या काठची, काळ्या मातीची. ही माती कपाशीला आणि उसाला उत्तम, किल्ल्याला मात्र वैरीण. वाळली की बुरुजाला बोट जाईल एवढ्या भेगा. म्हणून आम्ही पोरं खाली विटा-दगड रचायचो, गोणपाट चिखलात बुचकळून वर पसरायचो आणि त्यावर हळीव पेरायचो. गल्लीत किल्ला एकच, त्याला घरं सात-आठ. त्यातलं एक घर आमचं. रंगाचं खातं माझ्याकडे असायचं, कारण मोहरमच्या ताबुताला कागद आणि बेगड लावायचं काम आमच्या घरात चालायचं, त्यामुळे ब्रश, डिंक आणि उरलेली सोनेरी बेगड आमच्याकडेच मिळायची. महाराजांच्या सिंहासनाला ती बेगड कित्येक वर्षं लागली. किल्ल्यावरच्या मातीच्या मूर्तींना आपल्याकडे ‘चित्रं’ म्हणतात. बाजारातून आणलेल्या चित्रांचे रंग हाताला लागायचे आणि डोळे कधी कपाळावर, कधी गालावर असायचे. ते पुसून मी पुन्हा काढायचो. एवढ्या भांडवलावर मी आज तुमच्याशी एका अशा खेळाविषयी बोलणार आहे, ज्यात शत्रू असावाच लागतो.

या खेळाचं नाव ‘वॉरहॅमर फोर्टी थाऊजंड’. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, त्याच्यामुळे हा खेळ आमच्या घरात आला. सुटीत तो घरी येतो तेव्हा कपड्यांची बॅग एक आणि सैन्याच्या पेट्या दोन असतात. पेटीत फोम, फोमला खाचे, आणि प्रत्येक खाच्यात दीड इंचाच्या आतबाहेरचा एकेक सैनिक. मी एकदा ‘बाहुली’ म्हणालो तर म्हणाला, “मामू, बाहुली नका ना म्हणू.” मग मी त्यांना चित्रं म्हणू लागलो, ते त्याला चाललं.

हा खेळ इंग्लंडमधला. ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. पुढे ती नॉटिंगहॅमला गेली आणि तिथेच तिचा कारखाना आहे. १९८३ मध्ये तिने राक्षस, बुटके, जादूगार यांच्या लढायांचा ‘वॉरहॅमर’ काढला आणि १९८७ मध्ये त्याचीच अंतराळातली आवृत्ती. ती रिक प्रिस्टली यांनी लिहिली. खेळण्यांची म्हणून हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. आपल्याकडे पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत खेळणाऱ्यांचे छोटे गट आहेत. चित्रं परदेशातून येतात आणि भारी महाग पडतात. बहिणीला खरी किंमत अजून कुणी सांगितलेली नाही, तीही विचारत नाही.

खेळातला काळ आजपासून जवळजवळ अडतीस हजार वर्षांनंतरचा. माणूस ताऱ्याताऱ्यांवर पसरलेला आहे, पण सुखी नाही. त्याचा सम्राट दहा हजार वर्षं सोन्याच्या सिंहासनावर आहे, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. त्याच्या नावाने सगळीकडे युद्ध चालू. सम्राटाचे चिलखती योद्धे, साधे खंदकातले शिपाई, लढाई हाच ज्यांचा सण आहे असे हिरव्या कातडीचे ऑर्क, टोळधाडीसारखे ग्रह खाऊन पुढे जाणारे टिरॅनिड, झोपेतून उठलेले धातूचे सांगाडे, अशी किती तरी सैन्यं. यातलं एक तुम्ही निवडायचं. ते पेटीतून रंगवलेलं येत नाही, जोडलेलंसुद्धा येत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीला हात, पाय, डोकी, बंदुका सुट्या लटकलेल्या असतात. कापायच्या, साच्याची शिवण चाकूने खरवडायची, चिकटवायच्या, मग रंगवायच्या. म्हणजे खेळायला बसण्याआधी काही महिने काम.

आधी खेळ कसा चालतो ते सांगतो. प्रत्येक चित्राला गुणांमध्ये किंमत असते. साध्या शिपायाला थोडे गुण, रणगाड्याला पुष्कळ. दोघांनी सारख्या गुणांचं सैन्य आणायचं, मोठ्या डावाला सहसा दोन हजार. टेबल साठ इंच बाय चव्वेचाळीस. त्यावर पडक्या इमारती, भिंती, टेकड्या. पट नाही, घरं नाहीत. टेपने इंच मोजून चालायचं. चिलखती योद्धा एका पाळीत सहा इंच चालतो. डाव पाच फेऱ्यांचा, आणि टेबलावर ठरवून दिलेल्या जागा कुणी किती वेळ धरून ठेवल्या त्यावर गुण. समोरच्याचं सैन्य कापून काढलं तरी जागा राखल्या नाहीत तर माणूस हरू शकतो. हे मला आवडलं.

मारामारी फाशांवर. समजा, माझ्या शिपायांनी बारा गोळ्या झाडल्या. बारा फासे टाकायचे. तीन किंवा जास्त पडलं तर गोळी लागली, म्हणजे सरासरीने आठ लागल्या. ते आठ फासे उचलून पुन्हा टाकायचे, गोळीचं बळ आणि समोरच्याचा चिवटपणा सारखा असेल तर चार किंवा जास्त हवं, म्हणजे चार जखमा. आता फासे समोरच्याच्या हातात. त्याने आपल्या चिलखतासाठी चार फासे टाकायचे, तीन किंवा जास्त पडलं तर तो वाचला. चारांतून सरासरीने दोन-तीन वाचतात. बारा गोळ्यांतून एखादाच पडतो. हे सगळं सरासरीने. प्रत्यक्षात कधी बाराच्या बारा हवेत जातात आणि माझा भाचा, जो एरवी नशीब मानत नाही, फाशांना काहीबाही बोलतो.

या हिशेबात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपला माणूस वाचतो की नाही, याचा फासा त्याचा धनीच टाकतो, मारणारा टाकत नाही. आणि सगळा मामला समोर, बोलून: “हा भिंतीआड आहे का?” “अर्धा आहे.” “मग आडोसा धरू.” वाद फार झाला तर दोघं मिळून एक फासा टाकतात आणि पुढे जातात. डाव संपला की हात मिळवतात आणि एकमेकांची चित्रं हातात घेऊन, भिंगातून पाहावी तशी डोळ्याजवळ नेऊन पाहतात. हरलेला जिंकलेल्याला विचारतो, हा लाल रंग कोणता लावलास?

रंगकाम हा या खेळाचा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते चांगला अर्धा. अलीकडच्या नियमावल्यांत शंभर गुणांपैकी दहा गुण नुसते सैन्य पुरतं रंगवून आणल्याबद्दल आहेत. युद्धाच्या खेळात रंगाला गुण!

रंगवायची रीत ऐका. पहिला हात अस्तराचा, काळा किंवा पांढरा, फवाऱ्याने. तो नसेल तर रंग प्लॅस्टिकला धरत नाही. त्यावर मूळ रंग, पाणी घालून पातळ केलेला. आपल्याकडे चुना देताना गवंडी सांगतो ना, एक जाड हात देऊ नका, दोन पातळ द्या? तोच नियम. जाड दिला की चिलखताचे खिळे, चेहऱ्याच्या सुरकुत्या बुजतात. मग येतो माझ्या आवडीचा टप्पा. शाईसारखा पातळ, गडद रंग सगळ्या अंगावर सोडायचा. तो आपोआप खाचाखोचांत उतरतो, कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या मध्ये, डोळ्यांच्या खोबणीत. वाळला की सपाट दिसणाऱ्या चित्राला एकदम सावली येते, माणूस उभा राहतो. त्यानंतर कोरडा ब्रश. ब्रशला फिका रंग घ्यायचा, फडक्याला पुसून टाकायचा, आणि जवळजवळ काही उरलं नाही असा ब्रश वरून झाडायचा. उंच कडा तेवढ्या रंग धरतात आणि उजळतात. तळाच्या चकतीवर डिंक, वाळू, सुकं गवत. डोळे काही जण शेवटी काढतात, काही जण आधी. मी शेवटी काढतो, कारण डोळे काढले की तो आपल्याकडे बघायला लागतो आणि मग हात बिचकतो.

राहुरीत एप्रिल-मेमध्ये हे रंग ब्रशवरच वाळतात. त्यासाठी डबीत ओला स्पंज, त्यावर कागद, आणि कागदावर रंग. खाली ओल राहते, रंग तासन् तास टिकतो. आणखी एक युक्ती म्हणजे एकेक शिपाई पुरा करत बसायचं नाही. दहांची तुकडी समोर घ्यायची, दहांचे बूट, मग दहांचे पट्टे, मग दहांच्या बंदुका. हे पाहिल्यावर मला आमच्या भागातली कुंभाराची घरं आठवली. दिवाळीआधी ओसरीवर शेकडो मावळे रांगेने वाळत असतात, एक बाई सगळ्यांना पगड्या रंगवत जाते, तिच्या मागून मुलगी मिशा काढत जाते. नॉटिंगहॅमच्या कारखान्याला या ओसरीचा पत्ता नाही, पण रीत तीच. फरक पैशाचा. भाच्याच्या एका सरदाराच्या किमतीत त्या ओसरीवरचं अख्खं सैन्य घरी आणता येईल.

असे खेळ नवे नाहीत. चतुरंग हे नावच सैन्याच्या चार अंगांवरून आलं: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. प्रशियाच्या सैन्यात राईसवित्झ बाप-लेकांनी नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन खेळायचा युद्धखेळ रचला, मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम पक्के केले आणि लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. घरातल्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळायचे नियम छापले ते एच. जी. वेल्स यांनी, म्हणजे मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लिहिणाऱ्यांनीच. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून शिपाई पाडायचे. खऱ्या युद्धापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक १९१३ चं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

खऱ्या युद्धाची सामग्री आमच्या जिल्ह्याला परकी नाही. अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरलाच, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. भाच्याला मी लहानपणी तिथे नेलं होतं. पॅटन रणगाड्यापुढून तो हलेना. आज त्याच्या टेबलावरचे अंतराळातले रणगाडे पाहिले तर त्यांची धाटणी पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या रणगाड्यांची, खिळे ठोकलेले पत्रे आणि चौकोनी अंग. नगरच्या पोराला ते ओळखीचे वाटले तर नवल नाही.

आणि जवळच के. के. रेंज आहे, खारे कर्जुने गावाच्या नावाची, लष्कराच्या गोळाबाराच्या सरावाची जागा. तिच्या विस्तारात आपली जमीन जाईल या धास्तीने नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या गावांनी वेळोवेळी आंदोलनं केली आहेत. त्यांतली काही माणसं मुळा धरणात आधीच एकदा उठलेली. नकाशावर लष्कराने रेघ ओढली की रेघेखाली कुणाची तरी विहीर असते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. म्हणून भाच्याचं टेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, “या पडक्या घरांतले लोक कुठे गेले?” तो म्हणाला, “मामू, ते नियमात नाहीत.” दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो, पण गाव असतं. या टेबलावर शत्रू आहे, गाव नाही.

हा विचार त्या खेळाच्या लोकांनाही पडतो. गोष्टीतलं साम्राज्य क्रूर आहे, परक्याचा द्वेष हाच त्याचा धर्म. ते उपरोधाने रचलेलं आहे. पण उपरोध सगळ्यांना कळतोच असं नाही. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हं असलेला कपडा घालून बसला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हे साम्राज्य आदर्श म्हणून रचलेलं नाही, आणि द्वेषाची चिन्हं मिरवणाऱ्यांना आमच्या दुकानांत आणि स्पर्धांत जागा नाही. खेळण्याच्या कंपनीला असं सांगावं लागलं, यात मला तरी हसण्यासारखं काही वाटत नाही.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाचा आला होता आणि ओट्यावर नवी तुकडी रंगवत बसला होता. गर्द हिरवी चिलखतं, खांद्यावर काळा रंग. समोर गल्लीतल्या पोरांचा किल्ला चालला होता. आता गोणपाटाऐवजी कधी प्लॅस्टिकची पोती असतात, हळीव तेच. चौथीतला एक मुलगा चिखलाच्या हातांनी येऊन उभा राहिला. बघत राहिला. मग म्हणाला, “चाचा, हे मोगल का?”

“का रे?”

“हिरवे आहेत ना.”

तो वाईट बोलला नाही. त्याने जे पाहिलंय ते तो बोलला. भगवे आपले, हिरवे समोरचे, हे त्याला कॅलेंडरांनी, मालिकांनी, मिरवणुकीतल्या देखाव्यांनी शिकवलं. खरं तर शिवाजी महाराजांच्या मावळ्याला गणवेश नव्हता. जो तो घरच्या कपड्यात आणि घरचं हत्यार घेऊन यायचा. आणि त्या सैन्यात पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचं नाव येतं, १६७९ मध्ये खांदेरीला मराठी आरमाराचं नेतृत्व करणाऱ्यांत दौलतखान होता. त्यांच्या चित्राला कोणता रंग देणार? मी हे मनात जुळवत होतो, तेवढ्यात भाचाच म्हणाला, “अरे, हे सॅलमँडर. बाकीचे योद्धे लढाई जिंकून निघून जातात. हे मध्ये थांबून साध्या लोकांना वाचवतात.”

हे त्याने जुळवून सांगितलेलं नव्हतं. त्या खेळाच्या गोष्टींत सॅलमँडर खरंच त्यासाठीच ओळखले जातात. मुलाने विचार केला. म्हणाला, “मग एक द्या, विहिरीपाशी ठेवतो.” वाळलेला एक शिपाई मिळाला. किल्ल्यापाशी मात्र गलका झाला. दोघा पोरांचा सक्त विरोध. मी ओट्यावरून कान देऊन ऐकत होतो. त्यांचं म्हणणं, ह्याच्याकडे तलवार नाही, बंदूक आहे, ते चालणार नाही. रंगाविषयी कुणी काही बोललं नाही. शेवटी बुरुजावर तोफ चालते तर विहिरीवर बंदूक चालेल, असा निवाडा झाला आणि पाणी शेंदणाऱ्या बाईच्या शेजारी अडतीस हजार वर्षांनंतरचा तो शिपाई भाऊबीजेपर्यंत उभा होता. बाई त्याच्याहून दुप्पट उंच.

या प्रसंगानंतर भाच्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. हेच नियम थोडे वाकवून आपल्या जिल्ह्यातली एक लढाई टेबलावर आणायची. मी त्याला भातवडी सुचवली. नगरहून आग्नेयेला, आज तिला भातोडी म्हणतात. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन निजामशाहीवर चालून आले. समोर मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला. त्याच्याकडून लढायला शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. हे नाव नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवलं, असं सांगतात. मराठे सरदार दोन्ही बाजूंना, मुसलमान दोन्ही बाजूंना. अंबराने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल घातला, रात्रीचे छापे घालून तिला बेजार केलं आणि मग गाठलं. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी पडला. शरीफजीही तिथेच पडले, त्यांची समाधी तिथे आहे.

पेच दोन आहेत. एक चिखलाचा. भाचा म्हणतो, बांध फुटल्यावर प्रत्येक फेरीला फासा टाकून पाणी तितके इंच पुढे सरकवायचं आणि त्यात सापडलेल्या घोडेस्वाराची चाल निम्मी करायची. तोफा रुतल्या की रुतल्या, त्यांना चालच नाही. दुसरा पेच रंगाचा. दोन्ही सैन्यांत तीच पागोटी, तेच अंगरखे, तसेच घोडे. टेबलावर आपला कोण आणि समोरचा कोण हे ओळखायचं कसं? त्याने सुचवलं, अंगावरचे रंग सारखेच ठेवू, चकतीच्या कडेला तेवढी एक रेघ देऊ, एका बाजूला पांढरी, दुसऱ्या बाजूला काळी. आणि अंबराची फौज मी रंगवायची, समोरची त्याने.

पावसाळ्यानंतर आम्ही भातोडीला जाऊन तलावाचा बांध पाहून आलो. भाच्याने पावलांनी अंतरं मोजली आणि वहीत लिहून घेतली. माझे आत्तापर्यंत बावीस घोडेस्वार रंगवून झालेत, डोळे सोडून.